आजीची पिवळी लेन्स

"ही आजीची लेन्स नाहीच मुळी!" चिझुरू एवढ्या मोठ्याने ओरडली की तोमोयाच्या हातातल्या काकडीच्या घोड्याचा पाय मोडला.

ओबोनचा सण होता. घरी येणाऱ्या पितरांसाठी काकडीला काड्यांचे पाय लावून घोडे करणं चाललं होतं. संध्याकाळी आजोबा दरवर्षीसारखा आजीच्या लेन्सने सगळ्या घराचा फोटो काढणार होते. त्यात त्यांच्या खुर्चीशेजारी आजीची जागा रिकामी सोडायची, हा त्यांचा नेम.

"तिच्यावर कोरलेलं नाव तर तेच आहे की!" चुलतभाऊ तोमोया म्हणाला.

"नावाचं काय घेऊन बसलास! कागदावर ठेवून बघ." चिझुरूने लेन्स पांढऱ्या कागदावर ठेवली. आरपार कागद पांढराच दिसला. "पहिल्या बनावटीच्या लेन्सचीच काच जुनी झाली की चहासारखी पिवळी पडते. म्हणून तर ती दुर्मीळ!"

"बाबांनी साफ करून आणलीय ना? उन्हात ठेवली की पिवळेपणा जातो म्हणाले."

"त्याला कित्येक आठवडे ऊन लागतं, शहाण्या! काका परवा घेऊन गेले, आणि तेव्हापासून आज सकाळपर्यंत धो धो पाऊस पडत होता!"

तोमोयाने मोडका घोडा खाली ठेवला. मग म्हणाला, "चल, कुवाबारांच्या दुकानात."

दोघं सायकली दामटत जुन्या कॅमेऱ्यांच्या त्या दुकानात पोहोचली. काचेच्या कपाटात पांढऱ्या कागदावर एक लेन्स होती, आणि तिच्यातून कागद चहाच्या रंगाचा दिसत होता!

"कोणी विकली हो ही?" तोमोयाने विचारलं.

"अरे, तुझ्याच बाबांनी! घरी कुणाला नको म्हणाले. बदल्यात पैसे आणि त्याच नावाची साधी लेन्स घेऊन गेले."

परतताना चिझुरू म्हणाली, "मी सांगते आजोबांना. तू नको."

"माझे बाबा आहेत. मीच सांगणार."

आणि त्याने सांगितलं, अंगणात, सगळ्यांसमोर. शिगेओकाका उसळला. "म्हाताऱ्याला दिसतंय कुठे धड! कुठली काच आहे, काय कळणार होतं त्याला?" काकाने तोमोयाचं मनगट धरून त्याला गाडीत कोंबलं आणि गाडी निघून गेली.

चिझुरूची आई धावत दुकानात जाऊन लेन्स परत घेऊन आली. "काय पोरगी आहे! शाब्बास!" आत्या म्हणाली. सगळ्यांनी चिझुरूची पाठ थोपटली. तिला ते हात झटकून टाकावेसे वाटत होते.

आजोबांनी चाचपत लेन्स कॅमेऱ्याला बसवली. "सरकून उभे राहा," ते म्हणाले. "यंदा तीन जागा सोडायच्या आहेत."

चिझुरूने तोमोयाचा तीन पायांचा घोडा उचलला आणि शेवटच्या रिकाम्या जागी ठेवला. तो काही केल्या उभा राहीना.