जिन्यातलं ठाणं

शर्वरी ओगलेच्या प्रयोगशाळेत एक अख्खं घर बांधलेलं होतं. खऱ्या विटा, लोखंडी दारं, पाण्याची टाकी, भिंतभर आरसे, सगळं होतं. राहायला तेवढं कुणी नव्हतं. वाय-फायच्या लहरी कुठे अडतात आणि कुठे भरकटतात हे पाहायला तिच्या कंपनीनं ते उभारलं होतं, आणि शर्वरी तिथे जितकी रमायची तितकी स्वतःच्या घरात रमत नसे. मी वाय-फाय आखून दिलेल्या घरात एकही मुका कोपरा राहत नाही, असं ती कुणालाही सांगे. फुशारकी होती, पण तिला आव्हान देईल असं घर सांगलीत अजून सापडलं नव्हतं.

हसबनीस वकिलांचं घर तिच्याकडे आणलं मेंदूतज्ज्ञ रझिया मुजावर यांनी. दिनकरराव हसबनीस कोर्टात उलटतपासणीला उभे राहिले, की साक्षीदाराला घाम फुटे. अर्धांगाच्या झटक्यानं त्यांची वाचा गेली. हातपाय पुढे सावरले, शब्द काही परत आले नाहीत. मग रझियाताईंनी त्यांच्या मेंदूत 'वाणीसेतू' बसवला. बोलायची इच्छा मेंदूत उठली, की ही इवलीशी चकती ती टिपून घरातल्या वाय-फायवरून माळ्यावरच्या संगणकाकडे धाडी. संगणक तिचं नीटस वाक्य करी आणि वकिलांच्या गळ्यातल्या स्पीकरमधून ते ऐकू येई. मात्र जिन्याच्या मधल्या वळणावर आले, की ते मुके होत. तिथेच उभे राहत, लवकर खाली येत नसत. पत्नी कालिंदीबाईंनी धास्तीनं जेवण टाकलं होतं.

"वर एक आणि खाली एक, अशी वाय-फायच्या लहरी देणारी-घेणारी दोन ठाणी आहेत," रझियाताई म्हणाल्या. "दोन्हींचा जोर वाढवून ठेवलाय. तरी संपर्क तुटतो."

"जोर वाढवलाय म्हणूनच तुटतो," शर्वरी म्हणाली. "ठाणं ओरडलं तर ते चकतीला ऐकू जाईल. चकतीचं बोलणं ठाण्याला कसं ऐकू जाणार? तिचा जोर वाढवता येईल?"

"छे. मेंदू तापेल."

"मग झालं तर. शिवाय एक ठाणं सोडून दुसरं कधी धरायचं, हे ठाणी ठरवत नाहीत, चकती ठरवते. खालच्या ठाण्याची आरोळी तिला वळणावरही खणखणीत ऐकू येते, म्हणून ती त्यालाच चिकटून बसते. हिचं तिकडे पोचत नाही, आणि ही दुसरीकडे जात नाही."

उपाय सरळ होता. ठाणी वाढवायची, सगळ्यांना हळू बोलायला लावायचं आणि प्रत्येकाला संगणकापर्यंत स्वतंत्र तार द्यायची, म्हणजे एकमेकांचे निरोप वाहण्यात त्यांचा दम जाणार नाही. शर्वरीनं भिंती तपासल्या, तारा ओढल्या, जिन्याच्या वळणावर ठाणं बसवलं. संध्याकाळी दिनकरराव बोलत बोलत जिना चढले आणि बोलत बोलत उतरले. ठाणेबदल कुठे झाला, हे शर्वरीलासुद्धा मोबाइलवर पाहावं लागलं. कालिंदीबाईंनी तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

पुढच्या तपासणीनंतर रझियाताईंचा फोन आला. त्या संतापल्या होत्या, पण कुणावर ते त्यांनाच ठरवता येत नव्हतं. दिनकररावांच्या मेंदूतला वाचेचा भाग हळूहळू जागा होऊ लागला होता, तो आता पुन्हा थंडावला होता. घरात काय बदल केलास, असं त्यांनी विचारलं. शर्वरीनं जिन्यातल्या ठाण्याचं सांगितलं, तेव्हा त्यांना उलगडा झाला.

"आयता शब्द मिळत असेल, तर मेंदू कशाला धडपडेल? शब्द मिळत नव्हता अशी एकच जागा त्या घरात होती. तिथे ते शिकत होते, शर्वरी. तिथे उभे राहून स्वतःच्या घशानं बोलायला शिकत होते."

शर्वरीला शरम वाटली. ती तडक हसबनीसांकडे गेली आणि जिन्यातलं ठाणं काढते म्हणाली. कालिंदीबाईंना हायसं वाटेल, अशी तिची कल्पना होती. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"ते राहू दे."

"काकू, काकांची वाचा परत येत होती."

"मला माहीत आहे. मी ऐकली होती." कालिंदीबाई हळू बोलत होत्या. "मी पाण्याचा तांब्या घेऊन जिना चढत होते, थोडं पाणी सांडलं. हे वळणावर उभे होते. स्वतःच्या तोंडानं पहिला शब्द बोलले. 'बावळट' म्हणाले. लग्न झाल्यापासून मला हेच नाव होतं. तुझा तो संगणक मला कालिंदी म्हणतो. जरा पाणी देतेस का, असं विचारतो. मी जेवण टाकलं, ते पुन्हा झटका आला असेल म्हणून नाही, बाळ. हे बरे होतायत म्हणून घाबरले होते."

शर्वरीनं जिन्याकडे पाहिलं. दिनकरराव वळणावर येऊन उभे होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. ठाणं ठेवू की काढू, असं तिनं त्यांनाच विचारलं.

"कालिंदी म्हणेल तसं करा," स्पीकर गोड आवाजात म्हणाला.

त्यांचे ओठ मात्र काही वेगळंच म्हणू पाहत होते. हे वाक्य त्यांचं की संगणकानं घासूनपुसून दिलेलं, हे या घरात कळायची सोय तिनंच ठेवली नव्हती. तिनं वर जाऊन सगळी यंत्रणा बंद केली, वळणावरच्या ठाण्याची तार उपटून हातात धरली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

दिनकररावांच्या मानेच्या शिरा ताणल्या. घाम आला. कालिंदीबाई खालच्या पायरीवर भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"बा… बाव…"

कालिंदीबाईंनी मान खाली घातली. सवयीची हालचाल होती, त्यांना स्वतःला ती कळलीही नसेल. दिनकररावांना कळली. झटका येण्याआधी त्यांनी ती कधी पाहिली असेल, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हतं. तोंड उघडं होतं, शब्द अर्धा बाहेर होता. तो त्यांनी गिळला.

मग त्यांनी शर्वरीच्या हातातली तार काढून घेतली. टोक खाचेत बसायला वेळ लागला, पण त्यांनी तिला मदत करू दिली नाही. तार बसल्यावर त्यांनी माळ्याकडे बोट केलं. शर्वरी गेली आणि यंत्रणा सुरू करून आली.

ठाण्यावरचा दिवा हिरवा झाला. तिनं मोबाइलवर पाहिलं, संपर्क उत्तम होता. कालिंदीबाई मान वर करून वाट पाहत होत्या. तो एक शब्द गिळल्यावर त्यांच्याशी बोलायला दिनकररावांच्या मनात दुसरं काही उठत नव्हतं. स्पीकरमधून काहीच येत नव्हतं.