मावशीचं फ्रेंच घड्याळ

माउंट वेलिंग्टनहून आमच्या रोटोटुनापर्यंत, शनिवारी सकाळी, दीड तास गाडी चालवत कोण येतं — तेही एका घड्याळाचं वय सांगायला? मला तर दार उघडतानाच संशय आला.

"किया ओरा!" त्यानं इथल्या पद्धतीनं नमस्कार केला. "मी मकरंद. अनुराधाताईंनी घड्याळ बघायला बोलावलंय."

पावसानं भिजलेले केस, हातात हत्यारांची छोटी पेटी, आणि हसू... हसू जरा जास्तच चांगलं होतं.

संशयाला कारण होतं. अनुराधामावशीचा घर गरम करणारा हीटपंप बिघडला तेव्हा तो बघायला आलेला मुलगा अविवाहित निघाला होता. लॉनमोअर बंद पडला तेव्हाही तेच! २०१४ साली मी नोकरीसाठी इथे परदेशात मावशीकडे राहायला आले, तेव्हापासून या घरात काही सरळपणे बिघडतच नाही. आता कुणाच्या तरी जुन्या सामानाच्या गराज सेलमध्ये मिळालेलं हे फ्रेंच कॅरेज क्लॉक: पितळी चौकट, चारी बाजूंना काच, प्रवासात न्यायला वर कडी.

मी समोरच ठाण मांडून बसले. आदल्या दिवशी इंटरनेटवर वाचून एक सापळाही तयार ठेवला होता.

"यावर 'मेड इन फ्रान्स' लिहिलेलं नाही. म्हणजे नकलीच ना?"

"उलट. ते सहसा नंतरच्या घड्याळांवर असतं," डोळ्याचं भिंग न काढता तो म्हणाला. "थोडं सरकता? उजेड अडतोय."

मुलगी बघायला आलेला माणूस तिला उजेडातून सरकायला सांगत नाही. मी जरा गोंधळलेच.

त्यानं स्क्रू काढून यंत्र अलगद बाहेर घेतलं. किती हळुवार चालत होती त्याची बोटं! "हे बघा —" मी वाकले. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला. आतल्या पट्टीवर कुणीतरी सुईच्या टोकानं खरवडलं होतं: एक नाव, आणि १८८९.

"दुरुस्त करणारे अशी खूण करून ठेवायचे. म्हणजे घड्याळ त्याआधीचं. घडण बघता... १८८० च्या आसपास."

"आणि माझ्याबद्दल मावशीनं काय सांगितलंय?"

"तुमच्याबद्दल? तुम्ही इथे राहता हेही माहीत नव्हतं."

तेवढ्यात मावशी चहा घेऊन आली. "मृणालिनी, कशाला छळतेस त्याला? बायको-मुलं असलेला माणूस तो! मी फेसबुकवर फोटो पाहिलाय."

"फोटोतली ती माझी वहिनी आणि तिची मुलं, ताई," मकरंद लाजला. "माझं लग्न नाही झालेलं."

"अगंबाई!" मावशीच्या हातातला चहा हिंदकळला. तिचा चेहरा खोटा नव्हता. म्हणजे कट नव्हताच, तो माझ्यासाठी आलाच नव्हता... आणि मला चक्क वाईट वाटलं.

पण मावशी लगेच सावरली. "मूळचे कुठले तुम्ही? आई-बाबा कुठे असतात?"

झालं! आता ती सगळं हातात घेणार, आणि मी पुन्हा दाखवायची मुलगी होणार. मला ते नको होतं. तो मला हवा होता, पण विचारायचं मलाच होतं.

तो निघाला तशी मी पावसात त्याच्या गाडीपर्यंत धावले.

"पुढच्या शनिवारी मी माउंट वेलिंग्टनला आले तर?"

"घड्याळ घेऊन?"

"नाही. घड्याळ नाही. मला — तुम्ही आवडलात."

कानापर्यंत लाल होत तो हसला. "नक्की या. मी... वाट बघेन. पण ताईंना संशय येईल हं!"

"येऊ दे," मी म्हटलं. "या वेळी खरा असेल."