चार दिवसांचा कोड

जिन्याच्या तिसऱ्या वळणावरच्या खिडकीतून ती कमरेपर्यंत बाहेर वाकली होती. एक हात चौकटीला, दुसरा फोनसकट हवेत, आणि वाऱ्याने उडालेले केस तोंडावर. खालून जिना चढत येणारा माणूस तिथेच थबकला.

"पडाल," तो अगदी हळू म्हणाला. मोठ्याने बोललं तर ती खरंच पडेल अशा बेताने.

"हलू नका. दोन काड्या आल्यात."

"मी नाही हललो तर टिकतील?"

"काही सांगता येत नाही. काल शेजारीण शिंकली तर गेल्या."

तो हसला असावा. तिने पाहिलं नाही, ती फोनमध्ये ओरडत होती, "डॉक्टर, सुळ्याची लांबी सांगत होतात... हॅलो... डॉक्टर?" मग फोन खाली आला, ती आत आली, आणि तिची नजर त्याच्या खांद्यावरच्या पिशवीवर गेली. पिशवीवर तिच्याच फोन कंपनीची खूण होती.

"तुम्ही त्यांचे?"

"हो. वरच्या मजल्यावर तक्रार आहे, म्हणून—"

"वरच्यांची नंतर. आधी माझी." आणि तिने त्याच्या पिशवीचा पट्टा धरला तो घराच्या दारातच सोडला.

ती दात बनवायची. डॉक्टर लोक प्लास्टरचे साचे पाठवत, आणि ती आतल्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर, मेणाचे आणि मग चिनी मातीचे दात घडवून छोट्या भट्टीत भाजायची. हात मोठा सुबक होता. पण दात काही नुसत्या साच्यावर होत नाही. लांबी, छटा, शेजारच्या दाताची झिजलेली कड, हे सगळं डॉक्टर फोनवर सांगणार. आणि समोर बारा मजली इमारत उभी राहिल्यापासून त्या घरात फोन लागत नव्हता. स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवला तर कधीमधी वाजायचा. मग ती हातातलं काम टाकून धावायची. पोचेपर्यंत बंद.

तिची आत्या दारातच बसली होती. आत्याचं सगळं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, कानाला हेडफोन लावून लोकांचे फोन जोडण्यात गेलेलं. त्यामुळे फोनच्या बाबतीत ती कुणाचं ऐकून घ्यायची नाही.

"हा कोण?"

"कंपनीचा माणूस, आत्या. नेटवर्क मोजायला आलाय."

"तारवाला? मग तारा कुठायत?"

"आता तारा नसतात, आत्या," तो म्हणाला.

"तरीच लागत नाही."

त्याने पिशवीतून जाडजूड पुस्तकाएवढं यंत्र काढलं. त्यावर बोटभर काळी दांडी होती. एकेक पाऊल टाकत तो घरभर फिरला. थांबायचा, वाचायचा, कागदावर आकडा लिहायचा. ती मागे मागे. कामाच्या खोलीत तो टेबलापाशी थांबला. तिथे ओळीने बारा कवळ्या हसत होत्या.

"इतक्या जणांसमोर मोजायचं म्हणजे दडपण येतं," तो म्हणाला.

तेव्हा ती पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे नीट बघून हसली. माणूस भेटला की ती आधी दात बघायची, ती खोडच होती तिची. त्याचा पटाशीचा एक दात शेजारच्या दाताच्या खांद्यावर किंचित रेललेला होता. असा दात तिने कधी घडवला नसता. कुठलाच डॉक्टर मागत नाही. तरी दिवसभर तो दात काही तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"टॉवरवरचा अँटेना थोडा वळवायला सांगतो," जाताना तो म्हणाला. "मग पुन्हा येऊन मोजतो."

"चहा तरी घ्या."

"नको. कामावर असताना नको."

पुढच्या मंगळवारी तो आला. आकडा तसाच. अँटेना आणखी वळवायचं ठरलं. त्याच्या पुढच्या मंगळवारी पुन्हा.

त्या दिवसांत एक नवीनच सोय निघाली होती. नंबर तोच ठेवून कंपनी बदलता यायची. आपल्या कंपनीला एक संदेश पाठवायचा, की उलट एक कोड येतो. तो चार दिवस चालतो. चार दिवसांत दुसऱ्या कंपनीच्या दुकानात नेऊन दिला की झालं. नाही दिला तर पाचव्या दिवशी तो वाया. तिच्या धंद्यातल्या सगळ्यांनी एव्हाना कंपन्या बदलल्याही होत्या.

तिनेही संदेश पाठवला. कोड आला. मागोमाग कंपनीतल्या मुलीचा फोन.

"मॅडम, आपण आम्हाला सोडून जाताय असं दिसतं. आमच्या सेवेत नेमकं काय कमी—"

आणि फोन कापला गेला.

आत्या त्या दिवशी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तीही हसली. पण चौथा दिवस नेमका मंगळवार होता, आणि मंगळवारी तो येणार होता. ती दुकानात गेली नाही. कोड वाया गेला.

दुसरा कोडही तसाच. तिसराही.

"अगं, अजून किती मोजणार आहे तो?" आत्या म्हणाली. "मोजून मोजून भिंती झिजतील."

"एकदा अँटेना नीट बसला की लागेल ना फोन. उगीच कशाला बदलायची कंपनी?"

"खरंय. मंगळवारी केस धुवायची सवय तरी कशाला बदलायची?"

तिने मेण तापवायला घेतलं आणि जास्त तापवलं.

तिला कळत होतं. कंपनी बदलली की तक्रार संपली, आणि तक्रार संपली की तो दाराशी यायचं कारण संपलं. त्याचा नंबर तिच्याकडे नव्हता. कामापलीकडचं एक वाक्य तो बोलला नव्हता. बोलायचा तो सगळा नेटवर्कच्या आडून.

"आज कुठे जास्त आहे?" ती विचारायची.

"तुम्ही उभ्या आहात तिथे."

"यंत्र सांगतंय?"

"यंत्र... तेवढं स्पष्ट सांगत नाही." आणि तो मान खाली घालून आकडा लिहायचा. कान मात्र लाल.

मग आठवडाभर ती टेबलावरून उठायची, खिडकीशी जायची, परत बसायची. ब्रश उचलायचा, ठेवायचा. फळीवरचा फोन न वाजताच तिला वाजल्यासारखा वाटायचा. एका म्हातारबाबांच्या कवळीला तिने एक दात उलटा बसवला. भट्टीत घालताघालता ध्यानात आलं म्हणून वाचली.

आणि मग डॉक्टरीणबाई स्वतः जिना चढून आल्या. तिचं निम्मं काम त्यांच्याकडचं. त्या दम घेत खुर्चीवर बसल्या.

"हे बघ, तुझ्या हाताला तोड नाही. पण परवा पेशंट खुर्चीवर तोंड उघडून बसलेला आणि मी तुला अकरा वेळा फोन केला. अकरा. शनिवारपर्यंत तुझा फोन लागायला लागला तर ठीक. नाही तर मला काम दुसरीकडे द्यावं लागेल गं."

डॉक्टरीणबाई उतरून गेल्या, आणि तिने चौथ्यांदा संदेश पाठवला. तो दिवस मंगळवार होता. कोड शुक्रवारपर्यंत चालणार होता.

तासाभराने तो आला. यंत्र काढलं, मोजलं, आकडा लिहिला. मग इकडेतिकडे बघून त्याने खिशातून दुसराच फोन काढला, दुसऱ्या कंपनीचा, आणि तिच्या टेबलावर ठेवला. काड्या पूर्ण भरल्या होत्या.

"हे मी दाखवायला नको," तो म्हणाला. "पण आमचा अँटेना कितीही वळवला तरी मध्ये ती इमारत आहे. इथे आमचं काही व्हायचं नाही. तुम्ही कंपनी बदला."

ती बघतच राहिली. "तुम्ही सांगताय?"

"मीच सांगतोय."

"म्हणजे एक घर कमी होईल तुमचं."

"हो," तो म्हणाला. नजर यंत्राच्या दांडीवर. "तुमची तक्रार बंद व्हावी असं मला केव्हापासून वाटतंय."

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "जिना उतरताना सांभाळून जा. तिसऱ्या वळणावर पायरी फुटलीय."

त्याने पिशवीचा पट्टा खांद्यावर घेतला आणि गेला.

बुधवारी ती कोणाशी धड बोलली नाही. गुरुवारी तीन वेळा दुकानापर्यंत जाऊन तीन वेळा परत आली. एकदा छत्री विसरले म्हणून, एकदा ऊन फार म्हणून. तिसऱ्यांदा कारणसुद्धा सापडलं नाही. शुक्रवारी सकाळी तिने चहात साखरेऐवजी मीठ घातलं, तेव्हा आत्याने कप बाजूला ठेवला.

"बस इथे. एक सांगते. आमच्या एक्स्चेंजला एक गृहस्थ रोज साडेअकराला फोन करायचे. रोज तोच नंबर मागायचे. तो नंबर कधी लागायचाच नाही, बंद पडलेल्या कारखान्याचा होता तो. मी सांगायची, 'उत्तर नाही, साहेब.' ते म्हणायचे, 'उद्या बघू.' दोन वर्षं हेच."

"त्यांना माहीत नव्हतं कारखाना बंद पडलाय ते?"

"न कळायला काय झालं? त्याच कारखान्यात हिशेबनीस होते ते."

ती आत्याकडे बघत राहिली. "मग तू बोलली नाहीस?"

"नियम होता. गिऱ्हाइकाशी कामापलीकडे एक शब्द बोलायचा नाही. बोललं की घरी बसायचं. बाबा अंथरुणावर, तुझा बाप शाळेत. मी नियम पाळला." आत्याने कपाच्या कडेवरून बोट फिरवलं. "मग एके दिवशी साडेअकरा वाजून गेले, आणि फोन आला नाही."

तिने फोनवरचा कोड कागदावर उतरवला आणि चपला पायात सरकवल्या.

ती दुकानात गेली तेव्हा रांगेत सहा जण होते. रांगेत उभं राहून तिला एकेक आठवायला लागलं. चहा नको, कामावर असताना नको. कधी खुर्चीवर टेकला नाही. बोलणं सगळं आकड्यांच्या आडून, आणि पुढे एक पाऊल टाकायचं झालं की मान खाली. तक्रार बंद व्हावी असं केव्हापासून वाटतंय... त्यालाही असा नियम असेल का? की आपणच आपली समजूत घालतोय? तसं नसेल, तर आज हा कागद दिला की तो माणूस या जन्मी पुन्हा दाराशी यायचा नाही. ती रांगेतून बाहेर पडली. पायरीवर उभी राहिली. मग पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन लागली. आता पुढे नऊ जण होते.

"कोड?" दुकानदाराने विचारलं.

तिने कागद पुढे केला.

"आता दोन-तीन तास फोन मुका राहील. संध्याकाळपर्यंत नवी लाइन सुरू होईल. घाबरू नका."

घाबरू नका म्हणायला काय जातं. ती घरी आली, टेबलाशी बसली, उठली. खिडकीत गेली. फोन हातात घेतला. त्यावर एकसुद्धा काडी नव्हती. जुनी कंपनी गेली होती, नवी आली नव्हती. चार वाजले. सव्वाचार. जिन्यावर पावलं वाजली की ती दाराकडे बघायची, आणि पावलं वर निघून जायची. आत्या विणकाम घेऊन बसली होती. टाके मोजत नव्हती.

पाच वाजता बेल वाजली.

तो दारात उभा होता. खांद्यावर पिशवी नव्हती. पिशवीशिवाय त्याचे हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

"साडेचारला ऑफिसात चिठ्ठी आली," तो म्हणाला. "'ग्राहक कंपनी सोडून गेल्यामुळे तक्रार बंद.' ती वाचली आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली."

"साडेचारला अर्ध्या दिवसाची?"

"साहेबही तेच म्हणाले."

तिने दार पूर्ण उघडलं.

"आमच्याकडे नियम आहे," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाच्या घरी कामापलीकडे... माझ्या आधीच्या माणसाची नोकरी गेली त्यात. तुम्ही कोड मागितला की आम्हाला दिसतं. याआधी तीन वेळा मागितलात. तिन्ही वेळा चौथ्या दिवशी मी देव पाण्यात घालून बसलो, की आता जातील, आज जातील. आणि तुम्ही जायचाच नाहीत."

"मी तुमच्यासाठी थांबत होते," ती म्हणाली.

"आणि मी तुम्ही जायची वाट बघत होतो."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मग त्याचा तो रेललेला दात दिसला, आणि तिलाही हसू आवरेना.

"तीन कोड वाया गेले," तो म्हणाला. "म्हणजे बारा दिवस."

"मंगळवारी तोंड उघडून नीट सांगितलं असतं तर तीन दिवस वाचले असते. मी तर समजले होते, तुम्हाला माझा कंटाळा आलाय."

"मंगळवारी तुम्ही गिऱ्हाईक होतात." तो थांबला. "आता नाही आहात. म्हणून सांगतो. मला तुम्ही आवडता. मोजायची गरज नाही, इतकं."

आत्याने विणकाम गुंडाळलं. "मी चहा टाकते," ती उठत म्हणाली. "आज घेणार ना, तारवाले?"

"आज दोन कप घेईन, आत्या."

तो कामाच्या खोलीत बसला, पहिल्यांदाच खुर्चीवर. तिने त्याला मेण कसं कोरतात ते दाखवलं. त्याने एक दात कोरायला घेतला आणि त्याचा बटाटा केला. सहाच्या सुमाराला तिच्या टेबलावर, तिच्या कोपराशीच, फोन वाजला. डॉक्टरीणबाई होत्या. तिने बसल्या बसल्या फोन घेतला, सुळ्याची लांबी लिहून घेतली, दाढेची छटा लिहून घेतली. वाक्य पुरं झालं, तरी फोन चालूच होता. डॉक्टरीणबाईंनाच काय बोलावं ते सुचेना.

अंधार पडायच्या आधी तो निघाला. दारात रेंगाळला.

"उद्या येऊ?"

"उद्या काय मोजायचंय?"

"काही नाही."

"मग लवकर या," ती म्हणाली.