सडेतोडाचा चष्मा

ग्रंथपालाचा चष्मा त्याच्या स्वतःच्याच बुडाखाली फुटला आणि त्याच सकाळी तो प्रेमात पडला. खोटं वाटत असेल तर खुशाल वाटू द्या, मी काही शपथ घेणार नाही. त्या चष्म्याची काच एवढी जाड होती, की तीतून मुंगीच्या भुवया दिसायच्या. ती फुटल्यावर बिचाऱ्यानं वाटेत एका टपालपेटीला नमस्कार केला, उभ्या सायकलीची माफी मागितली आणि भिंत चाचपत, सापडेल त्या दारात शिरला.

"इथं... चष्म्याचं दुकान कुठं आहे हो?"

"फार लांब आहे," आतून एक आवाज आला. "अजून दोन पावलं चालावं लागेल. अहो, सांभाळून! तो आरसा आहे, त्याला वाट नका विचारू."

आवाजात गुदगुल्या होत्या. त्याला दिसत होती ती नुसती एक निळी, हलती धूसर आकृती. तिनं त्याची हनुवटी दोन बोटांनी वर केली, नाकावर तपासणीची चौकट ठेवली आणि एकेक भिंग सरकवत विचारत गेली, "आता बरं, की आधी बरं?"

"दोन्ही... छान," तो पुटपुटला.

चार दिवसांनी नवा चष्मा नाकावर चढला. आकृतीला डोळे आले, गालावर खळी आली... आणि तिच्या डोक्यावर दुकानाची पाटी आली. पाटी वाचून गड्याला दरदरून घाम फुटला.

आता यात मेख अशी, की हा माणूस दिवसभर ग्रंथालयात लोकांना "श्श" करायचा. त्या नादात मोठ्यानं बोलायची त्याची सवयच मोडली. मनातलं सगळं साठायचं आणि घरी गेल्यावर इंटरनेटवर 'सडेतोड' या नावानं बाहेर पडायचं. तिथं तो वाघ! चार महिन्यांपूर्वी याच दुकानातून चष्मा घेताना मान खाली घालून "छान, छान" म्हणाला होता आणि घरी जाऊन त्यानं लिहिलं होतं: 'ही बाई गिऱ्हाइकाला बोलू देत नाही. हिच्या चष्म्यानं माणूस घुबड दिसतो. डोळ्यांवर प्रेम असेल तर इथं मुळीच जाऊ नका.'

लोक खरंच जाईनात. चष्मेवालीनं महिनाअखेर दुकान बंद करून बहिणीकडे, दुसऱ्या शहरात जायचं ठरवलं होतं.

हे कळल्यावर शहाण्यानं काय करावं? सांगून टाकावं. यानं काय केलं? रोज संध्याकाळी चष्म्याचा स्क्रू स्वतःच सैल करायचा आणि दुकानात हजर.

"पुन्हा सैल?"

"नाकच उतरत असेल बहुतेक."

"कुणाच्या काळजीनं?"

"तुमच्या... म्हणजे, दुकानाच्या."

ती स्क्रू पिळायची, तो तिच्या कपाळावरची बट बघायचा. तिसऱ्या आठवड्यात तुम्हीचं तू झालं. काउंटरमागे विणत बसलेली तिची आत्या चार टाके चुकली.

"तो सडेतोड मला एकदा भेटायला हवा," एकदा काच पुसता पुसता ती म्हणाली.

तो काउंटरवरची रिकामी चौकट उगाच पुसू लागला. "भेटला तर... काय करशील?"

"काही नाही. समोर बसवीन आणि म्हणेन, आता म्हण."

आत्यानं हे ऐकलं मात्र! दुसऱ्याच दिवशी तिनं डोळे तपासायचा नवा तक्ता छापून आणला. अक्षरं नेहमीसारखी मोठ्याकडून बारीक होत जाणारी, मजकूर मात्र सडेतोडाचा. "येईल त्यानं मोठ्यानं वाचायचं," आत्या म्हणाली, "आणि खरं की खोटं ते माझ्या तोंडावर सांगायचं. ग्रंथपाल, बसा. चष्मा काढा."

"माझा नंबर तर कालच..."

"बसा म्हटलं ना!"

बसला. चष्म्याशिवाय त्याला तक्ता तर सोडाच, भिंतही धड दिसत नव्हती. पण भेदरलेल्या माणसाची जीभ पाठांतराच्या वाटेनं धावते. बाई, घुबड, सगळं धडाधड म्हणून तो शेवटच्या ओळीवर पोचला. ती ओळ वाचायला घारीलाही दुर्बीण लागली असती. इथं तर डोळे मिटलेले!

"...इथं मुळीच जाऊ नका."

"'मुळीच' नाहीये तिथं," आत्या म्हणाली. "जागा पुरेना, म्हणून मी गाळला."

"अहो, असं कसं गाळलंत? सगळा जोर त्या शब्दात..."

आणि तो थांबला. आत्याची सुई थांबली. मला तर वाटतं, भिंतीवरचं घड्याळही थांबलं असावं.

चष्मेवालीनं त्याचा चष्मा उचलला, नीट पुसला आणि त्याच्या हातात दिला. "घाला. माझ्याकडे बघा. आता म्हणा."

'घाला'नं त्याच्या काळजात कळ उठली. "मी... मी आत्ता पुसून टाकतो. एक बोट दाबलं की..."

"म्हणजे लिहिलंच नव्हतं असं होईल? पुसू नका. खाली तुमचं नाव घाला."

त्यानं घातलं, नाव, आडनाव, ग्रंथालयाची वेळ. ते एका मजकुराखाली घातलं आणि सडेतोडानं गावातल्या दुकानांवर लिहिलेल्या बाकीच्या त्रेचाळीस मजकुरांखाली आपोआप आलं. सकाळी ग्रंथालयापुढे ही रांग!

"माझा पाव वीट?" बेकरीवाला गरजला.

"त्या दिवशी होताच," ग्रंथपाल म्हणाला. "पण 'बांधकामाला वापरा' हे जरा जास्त झालं. चुकलो."

"भट्टी बिघडली होती रे... आधी सांगायचंस की!"

दाताच्या डॉक्टरीणबाई भांडून गेल्या, न्हावी कैची दाखवून गेला, शिंप्यानं मात्र "बाही तोकडी झाली होती खरी" असं कबूल केलं. दुपारपर्यंत ग्रंथपालाचा घसा बसला, पण मान वर आली.

रांगेत सगळ्यांत शेवटी ती उभी होती.

"मी बोलू देत नाही ना? ही बघ, गप्प बसले." तिनं तोंडावर हात धरला. वरून डोळे तेवढे रागानं बघत होते... की हसत होते?

"बोलू देत नाहीस, हे खोटं. मीच बोलत नव्हतो. घुबड हे खरं, पण त्यात चष्म्याचा दोष नाही, चेहरा घरचाच आहे." वाचक पुस्तकांआडून डोकावू लागले. "गिऱ्हाइकं मी घालवली, मीच दारोदार जाऊन परत आणीन. ती आली तर... जाऊ नकोस. आणि नाही आली, तरी जाऊ नकोस. मला तू आवडतेस. नाव माझंच, पत्ता हाच, उद्याही इथंच सापडेन."

तिनं तोंडावरचा हात काढला. कानाची पाळी लालबुंद झाली होती.

"मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं नाही," ती म्हणाली.

तो पुन्हा बोलला, खिडक्यांच्या काचा हलतील असा.

"आत्या बाहेर उभी आहे रे... तिला तर काहीच कळलं नसेल."

तिसऱ्यांदा बोलला, तेव्हा बेकरीवाला रस्त्यापलीकडून ओरडला, "अगं बाई, हो म्हण आता, माझे पाव करपतायत!"