बंद दारावरचा गुलाब

"इथे कुणीतरी घाण लपवतंय," नाक्या म्हणाला आणि शर्टाची कॉलर नाकावर ओढून जागीच थांबला. मागून खुर्च्या घेऊन येणाऱ्या ताई आणि चिमणी त्याच्यावर आदळल्या.

सुट्टीत ही तिघं भावंडं आत्याकडे राहायला आली होती. आत्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. प्रयोगासाठी ठेवलेल्या उंदरांचे हाल होत नाहीत ना, हे बघायला त्या दिवशी एक समिती येणार होती. सगळ्यांची धांदल उडाली होती, म्हणून आत्याने या तिघांनाही कामाला जुंपलं होतं. शेजारच्या घरात दूध उतू गेलं तरी नाक्याला इकडे वास यायचा. अभ्यासाचा मात्र त्याला गंध नाही, असं ताई म्हणायची.

व्हरांड्याच्या टोकाला एक बंद खोली होती. पूर्वी तिथे फोटो धुवायचे, आता दारावर 'नादुरुस्त' अशी पाटी होती. बाकीच्या व्हरांड्यात फिनेलचा वास होता, पण या एका दारावर कुणीतरी गुलाबाच्या वासाचा फवारा इतका मारला होता की लाकूड ओलं दिसत होतं. आणि त्या गुलाबाखालून शिळ्या मुताचा, कुजलेल्या भुशाचा वास येत होता.

ताईने खुर्चीवर चढून दारावरच्या झडपेतून आत पाहिलं. ती खाली उतरली तेव्हा तिने तोंडावर हात दाबून धरला होता.

आत पिंजऱ्यांवर पिंजरे रचलेले होते. भुसा काळा पडून चिकट झाला होता. उंदरांच्या पाठीवरचे केस गळून लाल चट्टे उठले होते, काही चट्ट्यांतून पू वाहत होता. फाटक्या कानाचा एक उंदीर पिंजऱ्याचे गज चाटत होता, कारण पाण्याची बाटली एकाही पिंजऱ्याला नव्हती.

ताईने हे सांगितलं तशी चिमणीला सकाळची गोष्ट आठवली. तपासणीसाठी सजवलेली पुढची खोली तिने सकाळी पाहिली होती. तिथे पांढऱ्याशुभ्र भुशात मोजकेच गुबगुबीत उंदीर होते आणि प्रत्येक पिंजऱ्याला दोन-दोन बाटल्या लावल्या होत्या. किती लाड करतात बाई यांचे, असं तिला वाटलं होतं. त्या जास्तीच्या बाटल्या कुठून आल्या, ते आता तिघांनाही कळलं.

त्यांनी आत्याला गाठलं. ऐकता ऐकता आत्याचा चेहरा उतरला. प्रयोग तिच्या वरिष्ठांचा होता. त्यांच्या कोटाला कधी सुरकुती पडत नसे, म्हणून कॉलेजातली मुलं त्यांना इस्त्रीसर म्हणायची. नव्या मलमाच्या प्रयोगासाठी परवानगी थोड्याच उंदरांची होती, सरांनी आणले होते तिप्पट. जास्तीचे परत पाठवले, असं त्यांनी आत्याला सांगितलं होतं आणि तिनेही कधी खात्री करून घेतली नव्हती.

आत्या किल्ली मागायला गेली आणि रिकाम्या हातांनी परत आली. काल सकाळीच तर बाटल्या काढल्यात, संध्याकाळी समिती गेली की परत लावू, एवढ्यात काही मरत नाहीत, असं सर हसत म्हणाले होते. शिवाय प्रयोग बंद पडला तर तिची नोकरीही जाईल, हेही त्यांनी ऐकवलं होतं.

"आजचा दिवस गप्प बसा रे," आत्या म्हणाली.

"तू राहशील एवढा वेळ पाण्यावाचून?" ताईने विचारलं.

आत्याने मान फिरवली. चहात पडलेली मुंगीसुद्धा बोटाने अलगद बाहेर काढणारी आत्या ती हीच का, असं ताईच्या मनात आलं. तिला क्षणभर आत्याचीही किळस आली आणि आली म्हणून वाईट वाटलं.

मग समिती आली. आधी सजवलेली खोली, मग चहा, मग सही, हा तिथला दरवर्षीचा शिरस्ता. समितीच्या अध्यक्ष पिकल्या केसांच्या, प्राण्यांच्या डॉक्टर होत्या. खोली बघून झाली. कॉलेजचे प्रिन्सिपॉल, म्हणजे मोठे साहेब, बिस्किटांची बशी पुढे करत होते आणि डॉक्टरबाईंनी सहीसाठी पेन काढलं होतं.

तेवढ्यात नाक्या इस्त्रीसरांपुढे जाऊन उभा राहिला. मुलांचं आधीच ठरलं होतं.

"सर, व्हरांड्यात एक पांढरा उंदीर सुटलाय."

सरांचा कप हिंदकळला. उंदीर सुटला तर आधी सजवलेल्या खोलीत जाऊन बघायला हवं, आणि ती तर शेजारीच होती. सर तिच्यासमोरून तसेच पुढे धावले, टोकाच्या दाराशी पोचले आणि खिशातून किल्ली काढून कुलूप उघडलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. चिमणीने डॉक्टरबाईंचं बोट धरून त्यांना मागोमाग आणलं होतं, हे सरांना दिसलंच नाही.

दार उघडताच घाणीचा भपकारा आला. बाकीचे मागे सरले. डॉक्टरबाई हलल्या नाहीत.

"सुटलेला उंदीर शोधायला तुम्ही थेट या नादुरुस्त खोलीत कसे आलात?" त्यांनी विचारलं.

इस्त्रीसरांच्या कोटावर चहाचा ओघळ आला होता. हे उंदीर परतच पाठवायचे होते, गाडी आली नाही, असं काहीबाही ते पुटपुटत राहिले. मुलं तोवर बाटल्या आणायला पळाली होती. पहिली बाटली आत्याने लावली. फाटक्या कानाचा उंदीर मागच्या पायांवर उभा राहून घटाघटा पाणी प्यायला. कोपऱ्यातले दोघे मात्र उठलेच नाहीत. चिमणी त्यांच्यापाशी बाटली धरून बसून राहिली, शेवटी ताईने ती तिच्या हातून काढून घेतली.

डॉक्टरबाईंनी प्रयोग तिथल्या तिथे थांबवला आणि सगळे उंदीर आपल्या दवाखान्यात न्यायला सांगितले.

"मी गप्प बसले, तुम्ही बसला नाहीत," आत्या म्हणाली. "शाब्बास तरी कोणत्या तोंडाने म्हणू?" ताईने पुढची बाटली तिच्या हातात दिली.

एवढ्यात मोठे साहेब पुढे झाले. कॉलेजची अब्रू या मुलांनी राखली, यांना बक्षीस दिलंच पाहिजे, असं म्हणून त्यांनी तोंडभरून कौतुक केलं. आपल्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, या टोकाला आपण वर्षभर फिरकलोही नाही, असं डॉक्टरबाईंना सांगता सांगता त्यांनी मायेने नाक्याच्या गालावर हात ठेवला.

नाक्याने नाक मुरडलं आणि तो हात बाजूला केला.

"साहेब, मग या दारावरचा गुलाब तुमच्या हाताला कसा लागला?"

साहेबांनी हात झटकन खिशात घातला. डॉक्टरबाईंनी एकदा त्या खिशाकडे पाहिलं, एकदा ओल्या दाराकडे, आणि मघाशी ठेवून दिलेलं आपलं पेन पुन्हा काढलं.

"शाब्बास, बाळ," त्या नाक्याला म्हणाल्या. "आता हेच पुन्हा एकदा सावकाश सांग. मी लिहून घेते."