कच्च्या केळ्याचा कान

सिदरा राहीलच्या वाडीत शिरली ती रस्ता चुकून. श्रीवर्धनची कुंपणं सगळी सारखीच! पण पोफळींच्या सावलीत गावठी केळीचा हिरवागार घड दिसला आणि तिचे पाय थांबले. पीएच.डी.साठी हीच जात ती शोधत होती.

"एवढ्या कच्च्याचं करणार काय?" राहीलने विचारलं.

"त्याचा कान शोधणार."

बाई थट्टा करतेय, असं समजून तो हसला आणि घड पोत्यात बांधून दिला.

आठवड्याने ती परत आली, फणफणत.

"पोत्यात पिकलं केळं कोणी घातलं?"

"मी... पाहुण्याला कच्चं कसं द्यायचं? अम्मी नेहमी एक पिकलेलं मध्ये ठेवते. घरी जाईस्तोवर सगळी पिकतात."

"पिकली ना! कामातून गेली!"

मग तिने सांगितलं. पिकलेलं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं. कच्च्या फळातला रिसेप्टर, म्हणजे तो कान, त्याची हाक पकडतो. त्या रिसेप्टरचं जनुक वेगळं काढून तिने जिवाणूंमध्ये त्याच्या प्रती वाढवल्या होत्या. आता कच्च्या फळात ते किती जागं असतं, एवढंच तपासायचं राहिलं होतं. सांगता सांगता राग कुठे गेला, तिलाच कळलं नाही.

"आणि हाक ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं तर?" राहीलने हळूच विचारलं.

"फळाला ते जमत नाही," ती म्हणाली. मान मात्र खाली गेली.

पुढचा घड तयार होईपर्यंत त्याचे फोन सुरूच. 'आज कान काय म्हणतो?' तिलाही त्या फोनची सवय लागली, आणि घड वाढतोय याची भीती वाटू लागली. नमुना मिळाला की वाडीत यायला कारण काय उरणार?

अखेर तो दिवस आला. तिने वाडीतच केळ्यांच्या चकत्या केल्या, सोबत आणलेल्या द्रव नायट्रोजनच्या डब्यात गोठवायला टाकल्या. पांढरी वाफ उसळली.

"झालं काम?" राहीलचा आवाज पडला होता. "म्हणजे आता... येणं नाही?"

उरलेल्या कच्च्या फण्या सिदराने पोत्यात भरल्या. पडवीत टांगलेल्या घडाचं एक पिवळंधमक केळं तोडलं आणि अगदी मधोमध ठेवलं.

"हे काय?"

"पिकली की घेऊन या, म्हसळ्याला आमच्या घरी," पोत्याचं तोंड बांधत ती म्हणाली. "आणि... अम्मीलाही आणा."