माशा बसलेली तलवार

"माशांच्या साक्षीवर माझ्या नवऱ्याला फासावर चढवणार आहेत, पंत," उषाताई म्हणाल्या.

खासगी गुप्तहेर लक्ष्मीकांतपंतांनी चहाचा पेला बाजूला सरकवला. पाटणकर बाजारातली त्यांची माडी झेंडूवाल्यांच्या ओरडण्याने दणाणत होती. दसऱ्याची दुपार होती. दाराशी त्यांचा सोबती दौलतसिंह उभा होता. एकेकाळचा पहिलवान, अंगाने दांडगा, डोक्याने जरा सावकाश.

उषाताईंच्या कडेवरचं बाळ पदर चोखत होतं. त्याच्या कपाळावर कुंकवाचा मोठा पसरट टिळा होता.

"काल बाबांनी लावला," त्या म्हणाल्या. "पुसवत नाही."

"काल काय घडलं?"

उषाताईंचे वडील जहागीरदार जयसिंहराव संस्थानच्या पलटणीतले. आफ्रिकेच्या लढाईत उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गमावून परतलेले. काल खंडेनवमीला त्यांनी घरातल्या पाचही तलवारींची पूजा स्वतःच्या हाताने केली आणि हात धुवायला परसातल्या विहिरीवर गेले. तिथे कुणीतरी मागून वार केला.

"मान नुसत्या कातड्यावर लोंबत होती, पंत. माझ्या पायांपर्यंत रक्त आलं. अंगठा अजून कुंकवाने लाल होता. पाण्याला हात लावायचीही सवड दिली नाही हो मेल्याने!"

"संशय तुमच्या यजमानांवर का?"

"बाबांना मुलगा नाही. आज ते बाळाला दत्तक घेणार होते. परवा जेवताना हे ओरडले, 'माझं पोर नेण्याआधी तुमचा मुडदा पाडीन!' सगळ्यांनी ऐकलं. रागात माणूस बोलतो हो!"

"आणि माशा?"

"बाबांना जगाच्या इतिहासातल्या विचित्र गोष्टींचा नाद. रोज पानावर एक वाढायचे. घटस्थापनेला चीनची सांगितली. सातशे वर्षांपूर्वी तिथे विळ्याने एक खून झाला. न्यायाधीशाने गावचे सगळे विळे उन्हात मांडले. पुसलेल्या रक्ताच्या वासाने एकाच विळ्यावर माशा जमल्या, आणि त्याच्या मालकाने गुन्हा कबूल केला. काल संध्याकाळी बाबांच्या स्नेह्यांनी, सदाशिवरावांनी, ही गोष्ट फौजदारांना सांगितली. फौजदार भर चौकात म्हणाले, उद्या ऊन चढलं की बघू. आज माशा यांच्याच तलवारीवर बसल्या."

"मग झालंच की," दौलतसिंह म्हणाला. "आदमी खोटं बोलेल, मक्खी काय बोलणार?"

उषाताईंचे डोळे भरून आले.

"दौलत, बाळाला घे आणि तोंड मीट," पंत म्हणाले. "निघू या."

जयसिंहरावांच्या चौकात लाकडी पाटावर पाच तलवारी मांडल्या होत्या. एकीवर माशा घोंघावत होत्या. शेजारी जयसिंहरावांचे धाकटे भाऊ सूर्याजी मिशीवर हात ठेवून उभे होते.

"कुठली कुणाची?" पंतांनी विचारलं.

"या तीन दादांच्या. माशांची ती जावईबापूंची. ही माझी. नीट बघून घ्या, एक माशी नाही."

पंतांनी खरंच नीट पाहिलं. सूर्याजींच्या पात्यावर कुंकवाची बारीक, सुबक बोटं होती. बाकीच्या चारींवर पसरट फराटे होते.

"रात्री तलवारी कुठे होत्या?"

"इथेच. पूजेचं शस्त्र दसऱ्याआधी कोण हलवतंय? फौजदारांनीसुद्धा बोट लावलं नाही."

पंतांनी माशा हाकलल्या, जावयाच्या पात्यावरून बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं.

"छी छी, पंत!" दौलतसिंह ओरडला.

"आता घरी चहा बिनसाखरेचा दे मला," पंत एवढंच म्हणाले.

ओसरीवर सदाशिवराव बसले होते. निवृत्त मास्तर, डोळे रडून सुजलेले.

"तुमचंही जयसिंहरावांशी भांडण झालं होतं म्हणे?"

"रोज व्हायचं! तो म्हणाला, स्वीडनात सतराशे बारा साली तीस फेब्रुवारी होती. मी म्हटलं, थापा मारशील तर जीभ हासडीन. मग शोधलं, तर खरंच निघालं. सांगायचं राहिलं हो." त्यांनी उपरण्याने नाक पुसलं. "माझ्या घरात सुरीसुद्धा भाजीचीच. तलवार कुठून आणू?"

पंतांनी फौजदारांना बोलावणं धाडलं. ते उषाताईंच्या यजमानांना, शिवाजीरावांना, बेड्यांसकट घेऊन आले. सगळे चौकात जमले.

"फौजदारसाहेब, चिनी न्यायाधीशाने परीक्षा आगाऊ जाहीर केली नव्हती," पंत म्हणाले. "तुम्ही केलीत. चाखून बघा, या पात्यावर साखरेचा पाक आहे. शिवाजीराव स्वतःच्या तलवारीला पाक फासतील? ज्याला आपल्या तलवारीवर माशा बसण्याची भीती होती, त्याने त्या दुसरीकडे वळवल्या."

"तो कोण?" फौजदारांनी विचारलं.

"वार पूजेनंतर झाला. म्हणजे खुनाची तलवार धुताना रक्ताबरोबर कुंकूही गेलं. ते पुन्हा लावणं भाग होतं. आपण कुंकू कुठल्या बोटाने लावतो, दौलत?"

दौलतसिंहाने हात वर धरला. "करंगळीशेजारच्या. और काय?"

"जयसिंहरावांना ते बोटच नव्हतं. ते अंगठ्याने लावत. बाळाच्या कपाळावर बघा, चार तलवारींवर बघा. सगळं पसरट. पाचवीवर मात्र नाजूक बोट. लहानपणापासूनची सवय, सूर्याजीराव. घाईतही हात चुकला नाही, म्हणून तुम्ही चुकलात."

"कुणीही लावलं असेल!"

"पूजेचं शस्त्र कोण हलवतंय, असं तुम्हीच म्हणालात. भाऊ निपुत्रिक गेला तर जहागीर तुमची. आज दत्तकविधान झालं असतं तर या बाळाची."

सूर्याजी हसल्यासारखे झाले आणि पुढच्याच क्षणी त्यांनी तलवार उचलली.

"सगळं या किड्यासाठी!"

वार बाळावर होता. दौलतसिंहाने पाठ फिरवून बाळ छातीशी दाबलं. पातं त्याच्या खांद्यात हाडापर्यंत उतरलं. रक्ताची चिळकांडी भिंतीवर उडाली, पण तो हलला नाही. सूर्याजींनी तलवार उपसली, पुन्हा उगारली. उषाताईंनी उरलेल्या तलवारींसकट तो पाटच उचलून त्यांच्या तोंडावर हाणला. दात फुटल्याचा आवाज झाला. सूर्याजी कोसळले. उषाताईंनी पुन्हा हाणला. फौजदारांनी पाट हिसकावला तेव्हा त्या तिसऱ्यांदा उगारत होत्या.

"मेला का?" शिवाजीरावांनी ओरडून विचारलं.

"जिवंत आहे," फौजदार म्हणाले. त्यांनी सूर्याजींचे हात मागे बांधले आणि मान खाली घालून शिवाजीरावांच्या बेड्या काढल्या.

सदाशिवरावांनी दौलतसिंहाच्या खांद्यावर उपरणं दाबून धरलं. बाळ मात्र भोकांड पसरून रडत होतं.

"लागलं का त्याला?" शिवाजीरावांनी विचारलं.

उषाताईंनी बाळाला घेऊन अंगभर चाचपलं. कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

"भूक लागलीये त्याला," त्या म्हणाल्या. "कालपासून धड पाजलंच नाही मी."

त्या तिथेच, रक्ताच्या ओघळाशेजारी, खांबाला टेकून बसल्या. शिवाजीराव त्यांच्यापुढे आले, पाठ वळवली आणि दोन्ही हातांनी धोतराचा सोगा पसरून आडोसा धरून उभे राहिले. बाळ दूध प्यायला लागेपर्यंत चौकात कुणी हललं नाही.